स्कॅनरची लाल रेघ काय वाचते आणि डोळ्याला काय करते

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी सहकारी ग्राहक भांडार आहे, तिथे पाकिटावरचा बारकोड वाचणारे, हातात धरायचे तीन नवे लेसर स्कॅनर आले, ज्यांना आम्ही गन म्हणतो. पुस्तिकेत सिम्बॉलॉजी, एक्स-डायमेन्शन, क्वाएट झोन, डेप्थ ऑफ फील्ड असले शब्द आहेत आणि त्यांचा उलगडा कुठेच नाही. काही पाकिटं एका फटक्यात बीप देतात, काही दहा वेळा मारूनही नाही. त्यात गनवरचा पिवळा त्रिकोण आणि 'लेसर रेडिएशन, क्लास २' हे वाचून काउंटरवरच्या दोघी ताई घाबरल्यात. त्यातल्या एक गरोदर आहेत. व्यवस्थापक विचारतात, क्लास १ घ्यायला हवा होता का?

आधी त्या ताईंचं, कारण बाकी सगळं थांबू शकतं. त्यांना आजच सांगून टाका की तिथलं 'रेडिएशन' एक्स-रेचं नाही. भौतिकशास्त्राच्या भाषेत उजेड म्हणजेही रेडिएशन. त्या हिशेबाने देवघरातली समईसुद्धा रेडिएशन सोडते. गनमधून निघतो तो साधा लाल उजेड, बहुतेक यंत्रांत ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो कातडीत काही मिलिमीटर शिरतो आणि तिथेच विरतो. पोटातल्या बाळापर्यंत तो पोचत नाही. जपायचा तो डोळा, आणि किती जपायचा हे आकड्यांनिशी पुढे सांगतो. त्याआधी गन करते काय ते पाहू. पुस्तिकेतले निम्मे शब्द आणि स्टिकरवरचा तो 'क्लास', दोन्ही एकाच हिशेबातून आलेत: उजेड किती जातो आणि किती परत येतो.

मी गेली २२ वर्षं स्कॅनर आणि लेबल प्रिंटर दुरुस्त करतोय. गन उघडली की आत एक बारीकसा लेसर डायोड आणि त्याच्यासमोर थरथरणारा छोटा आरसा दिसतो. तुम्हाला दिसते ती लाल रेघ मुळात रेघ नसतेच. एकच ठिपका सेकंदाला शंभरेक वेळा इकडून तिकडे पळत असतो. दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवली की अंधारात गोल दिसतो, तसला हा प्रकार. ठिपका पांढऱ्यावरून गेला की उजेड परत येतो, काळ्यावरून गेला की बराचसा गिळला जातो. परत आलेला उजेड एक सेन्सर टिपतो आणि तो किती वेळ चढा होता, किती वेळ पडला, यावरून पट्ट्यांची रुंदी ठरते. रुंदीवरून अंक ओळखायच्या कामाला डिकोड म्हणतात. ते जमलं की बीप.

बारकोडची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. वुडलँड आणि सिल्व्हर या दोघा अमेरिकनांना तिचं पेटंट १९५२ साली मिळालं. पण तेव्हा पुरेसा उजेड पाडायला त्यांना ५०० वॅटचा दिवा लावावा लागला होता, आणि दुकानात असलं धूड कोण ठेवणार? पहिला लेसर १९६० मध्ये चमकला. त्यानंतर १४ वर्षांनी, २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये ६७ सेंटचं च्युइंगमचं पाकीट काउंटरच्या काचेवरून सरकलं आणि पहिलं बिल झालं. कोड इतकी वर्षं थांबला तो योग्य उजेडासाठी.

उजेड लाल असतो, या एका गोष्टीने किती जणांचे पैसे पाण्यात घातले असतील देव जाणे. एका महिला बचत गटाने पापडाच्या पाकिटावर पांढऱ्यावर लाल रंगात कोड छापून घेतला होता, कारण बाकीची छपाईही लाल होती आणि दुसऱ्या रंगाचा खर्च वाचत होता. हजारो पाकिटं तयार, आणि एकही वाचलं जाईना. लाल उजेडाला लाल शाई आणि पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात. गनच्या लेखी ते कोरं पाकीट होतं. काळा, गडद निळा, गडद हिरवा चालतो. लाल, नारिंगी, पिवळा पट्ट्यांसाठी चालत नाही, मात्र पार्श्वभूमी म्हणून बिनधास्त चालतो. पारदर्शक पिशवीवर थेट छापलेल्या कोडमागे मिरची पावडर असेल तर तो वाचला जातो आणि काळे उडीद असले तर नाही, हेही याच न्यायाने. परत येणाऱ्या उजेडातल्या या चढउताराला पुस्तिकेत कॉन्ट्रास्ट म्हटलेलं असतं.

आता सिम्बॉलॉजी. म्हणजे लिपी. देवनागरी येणाऱ्याला मोडी वाचता येईलच असं नाही, तसं गनचं असतं. कोणती लिपी वाचायची हे तिच्या आत चालू-बंद करता येतं. किराण्याच्या पाकिटावर असतो तो ईएएन-१३. कुरिअरच्या चिठ्ठीवर, गोदामाच्या लेबलवर बहुधा कोड १२८, ज्यात अक्षरंही बसतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर जाड चौकटीतला दिसतो तो आयटीएफ-१४. तुमच्याकडे खोकी वाचली जात नसतील तर आधी हे बघा की गनमध्ये आयटीएफ बंद आहे का, बरेचदा असतो. तो बंद ठेवायलाही कारण आहे. आयटीएफची रेघ तिरपी गेली तर अर्धाच कोड पूर्ण समजून वाचला जाऊ शकतो. वरखाली ती जाड चौकट त्यासाठीच असते, की घसरलेली रेघ चौकटीला धडकावी आणि वाचन रद्द व्हावं. चालू कराल तेव्हा 'फक्त १४ अंक' अशी अट घालूनच चालू करा.

ईएएन-१३ मध्ये जरा रेंगाळतो, कारण तुमचा नव्वद टक्के धंदा त्याच्यावर आहे. या कोडची सगळ्यात बारीक एकक पट्टी म्हणजे मॉड्यूल. पूर्ण कोड ९५ मॉड्यूलचा असतो: दोन्ही टोकांना ३-३ आणि मध्ये ५ मॉड्यूलच्या राखणदार पट्ट्या, ज्या थोड्या खाली लोंबलेल्या दिसतात, आणि उरलेल्या ८४ मॉड्यूलमध्ये १२ अंक, प्रत्येकी ७. आता तुम्ही म्हणाल, १३ अंकांपैकी एक कुठे गेला? पहिला अंक पट्ट्यांत छापलेलाच नसतो. डावीकडचे सहा अंक दोन वेगवेगळ्या धाटणींनी काढता येतात आणि कोणती धाटणी कुठे वापरली यावरून पहिला अंक ओळखला जातो. इतकी वर्षं झाली, मला अजून या युक्तीचं कौतुक वाटतं.

सुरुवातीचे ८९० पाहून लोक 'भारतात बनलेलं' असं समजतात. तसं नाही. तो नंबर जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे, इतकंच. माल कुठे बनला याच्याशी संबंध नाही.

शेवटचा अंक म्हणजे चेक डिजिट, ताळा. ८९०१२३४५६७८९ घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक मिळवले की २८. दुसरा, चौथा, सहावा मिळवले की ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दशकाला पोचायला काही लागत नाही, म्हणून ताळा ० आणि पूर्ण नंबर ८९०१२३४५६७८९०. हाताने टाकताना कोणी ३ आणि ४ ची अदलाबदल केली तर बेरीज १३२ होते, ताळा ८ हवा म्हणून चूक उघडी पडते. मात्र शेजारच्या दोन अंकांत नेमका ५ चा फरक असेल, जसे १ आणि ६, तर त्यांची अदलाबदल हा ताळा पकडत नाही. कोड वाचला गेला नाही की नंबर हाताने ठोकायची सवय काउंटरवर लागते. त्यापेक्षा लेबल दुरुस्त करा.

लेबल दुरुस्त करायचं म्हणजे एक्स-डायमेन्शन समजायला हवं. एका मॉड्यूलची रुंदी म्हणजे एक्स. ईएएनसाठी ती मूळ मापाला ०.३३ मिलिमीटर, आणि ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२६४ पर्यंत खाली आणता येते. पुस्तिकेत हेच 'मिल'मध्ये दिलेलं असतं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा १३ मिल म्हणजे आपलं ०.३३. मिलिमीटरशी त्याची गफलत करू नका.

भांडारात तुम्ही डाळ-तांदूळ सुटे आणून पाकिटं भरता आणि लेबल स्वतः छापता, असं लिहिलंय. गडबड इथेच असणार, कारण बाहेरून आलेली पाकिटं वाचली जातायत. साधा थर्मल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर. अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून मॉड्यूल २ ठिपक्यांचा केला तर ०.२५ आणि ३ चा केला तर ०.३७५, अधलंमधलं काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये कोड माऊसने ओढून लेबलवर 'बसवला', तर काही पट्ट्या २ ठिपक्यांच्या आणि काही ३ च्या होतात. आपल्या डोळ्याला सुरेख दिसतं, गनला मात्र ते लचकलेलं असतं. ३ ठिपके ठेवा, लेबल थोडं मोठं लागलं तरी चालेल.

पुढचा गुन्हेगार क्वाएट झोन. कोडच्या दोन्ही बाजूंना सोडायची कोरी जागा. इथून शब्द सुरू झाला आणि इथे संपला, हे गनला त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. ईएएनला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल रिकामे लागतात. लेबलवर चौकट काढण्याची हौस सगळ्यांना असते, आणि ती चौकट नेमकी या जागेत येते. काहीजण जागा वाचवायला एमआरपी तिथे कोंबतात. कोड कितीही स्वच्छ छापा, ही जागा गेली की वाचन गेलं.

प्रिंटरच्या छापणाऱ्या पट्टीतला, म्हणजे प्रिंटहेडमधला, एखादा ठिपका जळला तर लेबलभर एक बारीक पांढरी रेघ उमटते. पट्ट्या कागद सरकण्याच्या दिशेनेच असतील तर ती रेघ एका पट्टीला वरपासून खालपर्यंत चिरते आणि गनला सुटकेची जागा उरत नाही. कोड आडवा फिरवून, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखा छापला, तर चीर सगळ्या पट्ट्यांना एकाच पातळीवर छेदते आणि त्या पातळीच्या वरखाली मारलं की बीप मिळतो. नवं हेड येईपर्यंत एवढं करून दिवस काढता येतात.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे किती जवळून ते किती लांबून वाचेल तो पल्ला. किरणाचा ठिपका ठरावीक अंतरावर सगळ्यात बारीक असतो, पुढेमागे तो पसरतो. तो पट्टीपेक्षा मोठा झाला की काळं-पांढरं एकत्र कालवलं जातं. म्हणून बारीक कोडचा पल्ला कमी आणि जाड कोडचा जास्त. लोक गन लेबलला चिकटवतात, ते चुकीचं. वीतभर मागे घ्या. आणि अगदी काटकोनात धरू नका. चकचकीत पाकिटावरून किरण आरशासारखा सरळ परत फिरतो आणि सेन्सरचेच डोळे दिपतात. मनगट जरा तिरपं केलं की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि हे पुस्तिकेत एखाद्या ओळीत कुठेतरी दडलेलं असतं.

बाकीचं पटकन. 'एचआयडी' किंवा 'कीबोर्ड वेज' म्हणजे गन संगणकाला सांगते की मी कीबोर्ड आहे, आणि नंबर टाइप केल्यासारखा पाठवते. 'सफिक्स' म्हणजे त्यामागून पाठवायची कळ, सहसा एंटर; बिलात एका ओळीत दोन नंबर चिकटून येत असतील तर सफिक्स गेलेला आहे, पुस्तिकेतला त्याचा कोड मारा. आणि तुमची गन क्यूआर वाचणार नाही, कितीही मारा. एका रेघेत मावणारी माहितीच ती वाचते. क्यूआरसाठी पूर्ण चित्र टिपणारा इमेजर लागतो. मोबाइलच्या पडद्यावरचा कोडही लेसरला सहसा जमत नाही, कारण त्या काचेवरून छापील कागदासारखा उजेड परत येत नाही.

आता डोळा. लेसरची वर्गवारी आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. क्लास १ म्हणजे नेहमीच्या वापरात कसंही पाहिलं तरी धोका नाही. क्लास २ फक्त दिसणाऱ्या उजेडाला लागू, आणि सतत किरणासाठी त्याची कमाल मर्यादा १ मिलिवॅट. ३आर दिसणाऱ्या उजेडात ५ मिलिवॅटपर्यंत, ३बी अर्ध्या वॅटपर्यंत, त्यापुढे ४. जुन्या अमेरिकन यंत्रांवर रोमन आकडे दिसतील, त्यातला २ए हा खास दुकानी स्कॅनरसारख्यांसाठी होता. 'एम' जोडलेले वर्ग म्हणजे भिंग किंवा दुर्बिणीतून पाहू नका.

क्लास २ च्या त्या १ मिलिवॅटमागचा हिशेब मोठा गंमतीचा आहे. झगझगीत उजेड आला की माणूस पापणी मिटतो, मान फिरवतो; त्याला पाव सेकंद धरलाय. पाव सेकंद डोळ्यावर पडलेला दिसणारा उजेड चौरस सेंटिमीटरला साधारण २.५ मिलिवॅटपर्यंत चालतो, असं मानक सांगतं. या मर्यादेला एमपीई म्हणतात. अंधारात पूर्ण उघडलेली बाहुली ७ मिलिमीटरची धरली तर तिचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या चार दशांशांहून किंचित कमी. गुणाकार करा, १ मिलिवॅट येतो.

एवढ्याशा मिलिवॅटची चिंता का? जुना १०० वॅटचा पिवळा दिवा मीटरभर अंतरावर असेल तर त्याची ऊर्जा चहूकडे पसरते आणि बाहुलीतून अर्धा मिलिवॅटही आत जात नाही. जातो तोही दृष्टिपटलावर दिव्याएवढ्या चित्रात पसरतो. लेसरचा किरण मात्र समांतर येतो आणि डोळ्याचं भिंग त्याला एका बिंदूत गोळा करतं; बुबुळावर असलेली तीव्रता पडद्यावर लाखभर पटीने वाढते. गावाकडे भिंगाने कागद जाळला असेल तर निराळं सांगायला नको.

तुमच्या गनमध्ये तर ठिपका पळता असतो. तो बाहुलीवरून क्षणार्धात निघून जातो, म्हणून धोका आणखी कमी. आरसा अडकून ठिपका एका जागी थांबला तर लेसर बंद करणारं सर्किट आत असतं. चुकून डोळ्यावरून रेघ गेली तर काही होत नाही. दिवसातून दहादा गेली तरी नाही. होऊ नये ते एकच: मुद्दाम टक लावून पाहणं. पापणी मिटेल या भरवशावर हा वर्ग उभा आहे, आणि लहान मुलं पैज लावून बघत बसतात. सगळ्यांची पापणी सारख्याच तत्परतेने मिटते असंही नाही.

मला धास्ती वाटते ती दुरुस्तीची. एकदा माझ्याकडे एक गन आली, तिची रेघ गायब आणि समोर नुसता स्थिर लाल ठिपका. आधीच्या कारागिराने 'लेसर सारखा बंद पडतो' म्हणून ते सुरक्षेचं सर्किटच तार टाकून ओलांडलं होतं. बिघाड आरशात होता. बंद पडणं हे तर त्या गनचं शहाणपण होतं. पुस्तिकेत 'सांगितल्याखेरीज इतर फेरफार केल्यास धोकादायक किरण बाहेर येऊ शकतात' अशा अर्थाची जी ओळ असते ती याकरता. तेव्हा रेघेचा ठिपका झाला की केबल उपटा. लांब पल्ल्याच्या गोदामी गनना नेम धरायला आधी ठिपका आणि मग रेघ असं मुद्दाम दिलेलं असतं, तुमच्या गन त्यातल्या नाहीत.

डोळे खरोखर जातात ते दुसरीकडे. चाकणसारख्या ठिकाणी वाहनांच्या धातूच्या भागांवर डेटा मॅट्रिक्स नावाचा चौकोनी कोड कोरतात, तो लेसर सहसा १०६४ नॅनोमीटरचा आणि क्लास ४ चा. तो दिसतच नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तरीही तो थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. अशी यंत्रं बंद कपाटात असतात, दार उघडलं की लेसर थांबतो, आणि म्हणून बाहेरून पूर्ण यंत्राला क्लास १ मिळतो. एका कारखान्यात मी त्या दाराच्या स्विचला चुंबक चिकटवलेलं पाहिलं, सारखं दार लावायचा कंटाळा म्हणून. बाहेर स्टिकर क्लास १ चा, आत उघडा क्लास ४. स्टिकरवरचा वर्ग झाकण शाबूत असेल तोवरच खरा.

तेव्हा क्लास १ साठी गन परत करू नका. तिसरी गन बदलून मिळत असेल तर तेवढी इमेजर घ्या, ताईंच्या समाधानासाठीही आणि क्यूआरसाठीही. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झालाय, आणि तुम्ही औषधांचं काउंटर काढणार आहात. इमेजरमध्ये वाचायचा उजेड एलईडीचा असतो. काहींत नेम धरायचा लेसर असतो, तो स्टिकरवर कळेल. ओळखायची खूण अशी: लेसरची रेघ धारदार असते आणि कागदावर तिच्यात बारीक कण उकळल्यासारखे चमचमतात, एलईडीची जाड आणि मऊ दिसते.

गन स्टँडवर आपोआप चालू राहणाऱ्या पद्धतीने लावली असेल तर स्टँडची उंची आजच तपासा. काउंटरची कड साधारण पाच-सहा वर्षांच्या पोराच्या तोंडासमोर येते. गनचं तोंड गिऱ्हाइकाकडे न ठेवता खाली, काउंटरच्या फळीकडे वळवा, आणि फळीवर काळं, चमक नसलेलं रबर टाका.